वाढत्या मापाचे बूट

खोकं आलं तेव्हा वीरण्णा घरात नव्हते, म्हणून महानंदाबाईंनी आधी देवाचे आणि मग कुरिअरवाल्याचे आभार मानले. वीरण्णा असते तर यात काय आहे, कुणी पाठवलं आणि कशाला, असे प्रश्न आले असते. त्या सगळ्यांचं उत्तर एकच होतं, रुद्राणी. आणि ते नाव दोन वर्षांपासून या घरात मोठ्यानं घेतलं जात नव्हतं.

रुद्राणी त्यांची एकुलती एक लेक. हॉटेलचं शिक्षण घ्यायला पुण्याला गेली ती तिथून नोकरीला थेट काश्मिरात, गुलमर्गला. तिथं पायाला फळी बांधून बर्फावरून घसरायला शिकली आणि आता पाहुण्यांच्या पोरांना शिकवत होती. वीरण्णांनी तिच्यासाठी निलंग्याच्या डाळमिलवाल्यांचं स्थळ जमवत आणलं होतं. फोनवर ती नको म्हणाली. "मग राहा तिकडंच बर्फात!" असं ओरडून त्यांनी फोन ठेवला, आणि पोरगी राहिली. जन्मात तिनं बापाचं एवढंच ऐकलं.

तेव्हापासून ती फोन करायची तो आईला, दुपारी, वीरण्णा आडतीवर असताना. महानंदाबाई अधूनमधून खडा टाकून बघत. "एकदा जाऊन येऊ की तिकडं."

"जिल्हा झाला की बघू."

वीरण्णांचं सगळंच जिल्हा झाला की होणार होतं. उदगीर जिल्हा व्हावा म्हणून जी कृती समिती होती, तिचे ते उपाध्यक्ष. घराला रंग, जिल्हा झाला की. दाताचा दवाखाना, जिल्हा झाला की. पावसानं सलग दोन वर्षं पाठ फिरवली होती, बोअर आटले होते, नळाला पाणी येणं ही आता आठवण झाली होती. त्यावरही त्यांचं म्हणणं हेच, जिल्हा झाला की वेगळी पाइपलाइन येणार. महानंदाबाईंना कधी कधी वाटे, आपलं म्हातारपण तेवढं जिल्हा व्हायला थांबलेलं नाही.

फेब्रुवारीत रुद्राणी फोनवर म्हणाली, "अव्वा, मार्चअखेर इथला बर्फ संपतो. त्याच्याआधी ये. अप्पा येत नसतील तर तू ये. तुला फळीवर उभी करते."

"मला? अगं, माझं वय काय, माझे गुडघे काय!"

"तुझ्यापेक्षा म्हाताऱ्या बायांना उभं केलंय मी. जाकीट, फळी, हातमोजे सगळं इथं भाड्यानं भेटतंय. बूट तेवढे भाड्याचे नकोत. तुझं पाऊल पुढं रुंद, अंगठ्याचं हाड बाहेर आलेलं. भाड्याच्या बुटात लोक रडायला लागतात. मी रुंद, मऊ बघून मागवते, उदगीरलाच पाठवते. घरात घालून बघ. बोटं पुढं नुसती टेकली पाहिजेत आणि टाच उचलली नाही पाहिजे. चावले तर परत करू. फक्त उंबऱ्याबाहेर नको घालू, मातीचा डाग लागला की ते परत घेत न्हाईत. आणि माप कळव. अगदी पावलाएवढंच हां!"

महानंदाबाईंचं माहेर मुखेडकडचं. तिथं बायका चपलांच्या दुकानात जात नसत. केरसुणीची काडी पावलाएवढी मोडायची आणि बाजाराला निघालेल्या माणसाच्या हाती द्यायची. मोडताना मात्र एक बोट जास्तीची मोडायची, वाढत्या मापाची. पाऊल वाढायचं वय सरून डोक्यावरचे केस पांढरे झाले तरी वाढत्या मापाचीच. त्यांनी काडी मोडली, शिलाईच्या टेपवर धरली आणि एक बोट धरून आकडा कळवला. लेकीला आपण काही खोटं सांगितलं असं त्यांना मुळीच वाटलं नाही.

तर ते बूट आता आले होते. शेजारची पंचशीला खोकं फोडायला धावत आली. ती पंचायत समितीत नोकरीला होती, पण टँकरच्या दिवशी रजा टाकायची. गल्लीत प्रत्येक घरातून कुणीतरी टाकायचंच. टँकर आज येणार होता. सकाळी की संध्याकाळी, ते टँकरलाच ठाऊक.

"अगं बाई!" पंचशीलानं एक बूट दोन्ही हातांनी उचलला. पांढराशुभ्र, नडगीपर्यंत उंच, बाजूला एक गोल बटण. "वैनी, हे बूट हाय का रांजण? घागरभर पाणी बसतंय ह्याच्यात."

"मोठे हायत," महानंदाबाई पाय न घालताच म्हणाल्या. "मी एक बोट वाढतं सांगितलं होतं."

"मग दोन मोजे घाला की."

रुद्राणीनं खोक्यातच जाड मोजे पाठवले होते. त्यांच्यावर महानंदाबाईंनी वीरण्णांचे लोकरीचे चढवले. बाहेर ऊन असं, की पत्र्यावर पापड भाजावा. पंचशीलानं खालून रेटलं, महानंदाबाईंनी वरून देवाचं नाव घेतलं, आणि दोन्ही पाय एकदाचे आत गेले.

"कसं वाटायलंय?"

"दुखंना. पण पाय माझे हायत असं काही वाटंना."

पंचशीलानं गोल बटण फिरवलं. कर्र कर्र करत बुटाच्या तारा आपोआप आवळल्या. "बगा कसं भारी! नाड्या बांधायचं कामच न्हाई." तिनं दुसरंही फिरवलं.

महानंदाबाई उभ्या राहिल्या. रुद्राणीनं मागं एकदा फोनवर दाखवलं होतं तसे त्यांनी गुडघे थोडे वाकवले, हात पसरले. खाली बघायचं नाही अव्वा, ती म्हणाली होती, जिथं जायचंय तिथं बघायचं. समोर भिंतीवर रुद्राणीचा शाळेतला फोटो होता, दोन वेण्यांचा. वर पंखा फिरत होता. त्याचा वारा गार आहे असं महानंदाबाईंना थोडा वेळ वाटलं.

"वैनी, डोळे कामून मिटलाव? चक्कर आली का?"

"काढ गं हे. आत भट्टी पेटलीय." त्या खुर्चीत टेकल्या.

पंचशीलानं बटण उलटं फिरवलं. सैल होईना. सुलटं फिरवलं, तर आणखी आवळलं. मग तिनं फरशीवर बसून बूट ओढला. बूट आला नाही, खुर्चीसकट महानंदाबाई आल्या. त्याच वेळी गल्लीच्या तोंडाशी टँकरचा हॉर्न वाजला.

दोघींनी एकमेकींकडं बघितलं. "उंबऱ्याबाहेर नको म्हणली होती पोरगी," महानंदाबाई म्हणाल्या.

"मग पुढच्या टँकरपर्यंत काय पिताव? बर्फ?"

महानंदाबाई घागर काखेत मारून निघाल्या. पहिल्यांदा जुंपलेला गोऱ्हा जसा पाय टाकतो तशा. गल्लीत बायकांची रेटारेटी चालली होती. सरजाबाई म्हणजे गल्लीतली सगळ्यात म्हातारी आणि सगळ्यात मोठ्या आवाजाची बाई. तिनं त्यांना लांबून बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"अगं बया! महानंदा, दोन्ही पाय मोडून घेतलीस? सरका गं सटव्यांनो! पायाला पलस्तर हाय बाईच्या, पुढं सोडा तिला!"

बायका सरकल्या. खरं सांगायला महानंदाबाईंनी तोंड उघडलं, तेवढ्यात पाइप हातात आला. टँकरचा पाइप हातात असताना खरं बोलणारं माणूस त्या साली मराठवाड्यात नव्हतं. त्यांनी घागर भरली, कळशी भरली, पंचशीलानं आणलेलं पिंपही भरलं. खाली चिखल झाला, बूट घोट्यापर्यंत माखले. सगळ्या घसरत होत्या, त्या एकट्या खांबासारख्या उभ्या होत्या.

बातमी मात्र उभी राहिली नाही. गल्लीतून ती पानटपरीवर गेली तेव्हा महानंदाबाई पडल्या होत्या. तहसीलसमोरच्या कृती समितीच्या धरण्याच्या मांडवात पोचली तेव्हा त्या टँकरखाली आल्या होत्या. वीरण्णा माइकवर होते. माइक तसाच चालू टाकून ते धावले. अध्यक्ष किशनराव त्यांना जीपमध्ये घालून आले, आणि उतरताक्षणी चिखलातच सुरू झाले, "बघा मंडळी! दोन्ही पाय मोडलेल्या आपल्या भगिनीला पाणी भरावं लागतंय! आज उदगीर जिल्हा असता, तर..."

"किशनराव, जरा दम धरा," वीरण्णांचा आवाज फाटला. ते बायकोच्या पायाशी चिखलात बसले. लग्नाला एवढी वर्षं झाली, ते कधी तिच्या पायाशी बसले नव्हते. "लई दुखायलंय का? कुणी बांधलं हे पलस्तर?"

"पलस्तर न्हाई हो," महानंदाबाई रडकुंडीला आल्या. "बूट हायत. निघंनात."

किशनरावांचं भाषण जागच्या जागी बसलं. मग नुकसान भरून काढायला ते म्हणाले, "कापून टाकू! पत्रा कापायची कात्री आणा रे!"

"कापायचे न्हाईत!" महानंदाबाई इतक्या जोरात ओरडल्या, की टँकरवाल्यानं पाणी बंद केलं. "माझ्या रुद्राणीनं पाठवलेत."

दोन वर्षांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. वीरण्णा बुटाकडं बघत राहिले. पंचशीलानं मात्र कधीच व्हिडिओ कॉल लावला होता, आणि बटण वीरण्णांच्या समोर होतं म्हणून फोन त्यांच्याच तोंडापुढं धरला.

पडद्यावर रुद्राणी आली. लाल टोपी, उन्हानं रापलेलं नाक, आणि मागं सगळं पांढरं.

"अप्पा?"

वीरण्णांनी घसा खाकरला. "हे बटण कुणीकडं फिरवायचं?"

"फिरवू नका. बाहेर ओढा, अप्पा. सरळ तुमच्याकडं."

त्यांनी ओढलं. टक् आवाज झाला आणि सगळ्या तारा एकदम सुटल्या. आतून वीरण्णांचा मोजा घातलेला पाय निघाला; तो आणि आतला मोजा सोलला, तेव्हा पाय उकडलेल्या रताळ्यासारखा लाल.

"दोन मोजे कशाला घातलेस अव्वा?"

"अगं, मी माप एक बोट वाढतं सांगितलं होतं तुला."

"ते काय मला ठाऊक न्हाई? म्हणून मी एक बोट कमी करूनच मागवले."

सरजाबाईनं गर्दीतून मान घालून पडदा न्याहाळला. "ते मागं पांढरं काय हाय गं?"

"बर्फ हाय आजी."

"म्हंजे पाणीच की. आणि असंच पडलंय व्हय उघड्यावर? राखायला कुणीबी न्हाई?"

त्याच्यावर कुणी हसलं नाही. सगळी गल्ली रिकाम्या घागरी घेऊन त्या पडद्याकडं बघत राहिली.

"काल उणे सात होतं," वीरण्णा एकदम म्हणाले. "आज उणे तीनच हाय. टोपी ठीक, पण गळ्याला काही न्हाई तुझ्या."

रुद्राणीनं विचारलं, "तुम्हाला कसं ठाऊक अप्पा?"

"पेपरात येतंय."

पेपर महानंदाबाईही वाचत. त्यात लातूर, नांदेड, परभणी येतं. बर्फाचं कुठलं गाव येत नाही. रोज सकाळी देवपूजेआधी नवरा भिंतीकडं तोंड करून फोन बघायचा. तो तुरीचा भाव बघतो, असं त्या दोन वर्षं धरून चालल्या होत्या.

संध्याकाळी वीरण्णा ओसरीवर बूट पुसत बसले. पाणी मोजकं, म्हणून ओल्या फडक्यानं.

"परत घ्यायचे न्हाईत आता," महानंदाबाई दारातून म्हणाल्या. "माती लागली."

"मग? वापरलेला माल परत करत असतेत का? आपल्या आडतीवर आपण घेतो का?"

"मग काय करायचं?"

"काय म्हंजे? जायचं."

महानंदाबाईंनी जपून विचारलं, "जिल्हा झाल्यावर?"

वीरण्णांनी दुसरा बूट हातात घेतला. "जिल्हा काय पळून चाललाय? बर्फ चाललाय."

सकाळी देव्हाऱ्याच्या फळीवर केरसुणीची एक काडी होती. महानंदाबाईंनी ती टेपवर धरली, आकडा रुद्राणीला कळवला, आणि मग वीरण्णा आंघोळीला गेल्यावर सहज म्हणून त्यांच्या चपलेवरच्या पावलाच्या ठशाला लावून बघितली. काडी नेमकी पावलाएवढी होती. या माणसानं जन्मात पहिल्यांदा वाढत्या मापाचं काही ठेवलं नव्हतं.

त्यांनी घाईघाईनं फोन लावला. "अगं, ह्या खेपेला बोट कमी करू नको!"

"अय्यो," रुद्राणी म्हणाली. "केलं की."

बूट आले. वीरण्णांनी दार लावून घेऊन घातले. पंचशीलानं बाहेरून विचारलं, "भाऊ, कसे बसले?"

"झकास."

"परत पाठवायचेत का?"

"काय गरज न्हाई. थंडीत पाऊल आकसतंय."

ते बाहेर आले तेव्हा जरा लंगडत होते. ज्यांनी आयुष्यभर आडतीवर कुणाला मूठभर तूर कमी भरू दिली नाही, त्या वीरण्णांनी एक बोट कमी भरलेला माल फडक्यात गुंडाळला आणि पेटीत सगळ्यात वर ठेवला.