मुरलेल्या मटेरियलचा आवाज

संगीताचा आत्मा नेमका कुठे असतो, या एका प्रश्नापायी मोठमोठ्या साधकांनी आयुष्यं झिजवली आहेत. कुणाला तो सुरात सापडला, कुणाला लयीत, कुणाला दोन सुरांच्या मधल्या शांततेत. दंतोपंतांना तो एका मंगळवारी, दोन रूट कॅनॉलच्या मधल्या फटीत, मोबाइलवर सापडला. तो पिकमध्ये असतो. पिक म्हणजे गिटारच्या तारा छेडण्यासाठी अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरायची तिकोनी चकती. आकाराने बदामाएवढी. आयुष्य झिजवण्यापेक्षा ही चकती बदलणं केव्हाही सोपं.

दंतोपंत हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. ते दातांचे डॉक्टर, आणि डॉक्टर मंडळींच्या हौशी बँडमध्ये सगळ्यांना अशीच नावं होती. ड्रम वाजवणारे आणि म्हणून बँडचे प्रमुख असलेले हाडांचे डॉक्टर हे ‘हाडवाले’. रोज माणसांवर हातोडी चालवल्यामुळे त्यांचा हात ड्रमवर चांगला बसला होता. बोलण्यातही त्यांनी भूल देण्याची पद्धत ठेवली नव्हती.

“दंतोपंत, मधला तुकडा तू वाजवतोस तेव्हा मला वाटतं, कुणीतरी पत्र्याच्या डब्यात खिळे घालून हलवतंय,” ते तालमीनंतर म्हणाले.

“तारा नवीन टाकल्यात मी.”

“तारा नवीन आहेत रे, खिळे जुनेच आहेत. हे बघ, राग मानू नकोस. वार्षिक संमेलनापर्यंत सुधारलं तर ठीक, नाहीतर तो तुकडा मी डोळ्यांच्या डॉक्टरांच्या कीबोर्डला देऊन टाकणार. त्यात एक बटण दाबलं की गिटार वाजते. आणि ती चुकत नाही.”

हा घाव वर्मी बसला. पूर्ण गाण्यात दंतोपंत इतरांच्या मागे मागे झँग झँग करत असत, ते कुणालाही ऐकू येत नसे आणि त्यातच सगळ्यांचं हित होतं. पण गाण्याच्या मधोमध अर्धा मिनिट बाकी सगळे थांबत आणि गिटार एकटी वाजे. पन्नाशीला आलेल्या, दिवसभर दुसऱ्यांच्या जबड्यात बघत बसलेल्या माणसाच्या वाट्याला आलेला तो एकुलता एक प्रकाशझोत होता. तो एका बटणाकडे जाणार म्हणजे काय!

दुखण्याची दोन निदानं संभवत होती. पहिलं, दंतोपंतांनी रियाज करावा. पण ते स्वतः डॉक्टर असल्यामुळे पहिल्या निदानावर विश्वास ठेवण्याची चूक त्यांनी केली नाही. दुसरं निदान मोबाइलने दिलं: मटेरियल चुकतंय.

मग घरात पिकं येऊ लागली. नायलॉनची मऊ, सेल्युलॉइडची टणटणीत, लाकडाची, पितळेची, शिंगाची, जाड, पातळ, खरखरीत, गुळगुळीत. जेवणाच्या टेबलावर ती ओळीने मांडून दंतोपंत बायकोची परीक्षा घेऊ लागले.

“डोळे मिट आणि नीट ऐक. हे नायलॉन.” ट्रँग. “आणि हे सेल्युलॉइड.” ट्रँग. “काय फरक जाणवला?”

“दुसऱ्या वेळी तुम्ही भुवया वर केल्यात.”

“डोळे मिटायला सांगितलं होतं ना!”

“गॅसवर दूध आहे माझं. डोळे मिटून बसू?”

“अगं, नायलॉनमध्ये एक ऊब आहे. सेल्युलॉइड कसं लख्ख आहे, पण शेवटी जरा कोरडं पडतं. लाकूड समंजस आहे. पितळ उद्धट.”

“आणि हे सगळं वाजवणारा?” बायकोने विचारलं आणि ती दुधाकडे गेली.

बाजारातली मटेरियलं संपल्यावर दंतोपंत घरातल्या मटेरियलकडे वळले. हाताला कापायची सवय होतीच, आणि तळमजल्यावरच्या दवाखान्यात कापायची, घासायची, चकाकी आणायची सगळी यंत्रं होती. पहिल्यांदा आइस्क्रीमच्या डब्याचं झाकण गेलं. मग बायकोचा कंगवा. मग मुदत संपलेलं समजून एक बँकेचं कार्ड गेलं, ते चालू निघालं. हाडवाल्यांनी तालमीत गमतीने “हाड वापरून बघ” म्हटलं, तेव्हा दंतोपंतांनी खरंच एक पुडी घरी आणली. बायकोने ती चिमट्याने उचलली आणि “हे कुणाचं, ते कळल्याशिवाय उंबऱ्याच्या आत येणार नाही” असं सांगून बाहेर ठेवली. शेवटी एका पेशंटच्या अख्ख्या जबड्याचा एक्स-रे कापला गेला.

“डॉक्टर, माझा एक्स-रे कसा वाटला?” पेशंटने खुर्चीत बसता बसता विचारलं.

“आवाज पातळ आहे,” दंतोपंत तंद्रीत म्हणाले. त्या पेशंटने नंतर डॉक्टर बदलला.

संमेलनाच्या आदल्या दिवशी सासरे आले. ते निवृत्त हेडमास्तर. संमेलनाचे प्रमुख पाहुणे तेच होते, कारण गावातल्या निम्म्याअधिक डॉक्टरांना त्यांनी लहानपणी बाकावर उभं केलं होतं. त्यांचं भाषण प्रसिद्ध होतं. ते सुरू कधी झालं हे लोकांना आठवे. संपताना जागं कुणी नसे. संयोजकांनी कार्यक्रमपत्रिकेत त्यांच्या भाषणापुढे वेळ लिहिलीच नव्हती. आधी भाषण, मग बँड, मग जेवण, एवढंच लिहिलं होतं.

संमेलनाच्या दिवशी दुपारी सासऱ्यांनी तोंडातून वरची कवळी काढून जावयाच्या हातावर ठेवली.

“जावईबापू, मागच्या बाजूला टोचतंय जरा. संध्याकाळी बोलायचंय. तेवढं बघा.”

टोचणारी कड घासणं हे दोन मिनिटांचं काम. दंतोपंतांनी खाली जाऊन ती घासायला घेतली. घासता घासता कडेचा एक छोटासा टवका उडाला आणि टेबलावरच्या गिटारच्या तारेवर पडला.

टिंग.

दंतोपंतांनी यंत्र बंद केलं. टवका चिमटीत धरून तार पुन्हा छेडली. हा आवाज त्यांनी आजवर ऐकला नव्हता. गोल, भरदार, थोडासा दमदाटी करणारा. कवळीच्या गुलाबी मटेरियलचं पिक त्यांनी पूर्वीच करून पाहिलं होतं, डब्यातली नवी पावडर कालवून. पण ते अगदीच कोरं वाजलं होतं. आता त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जुन्या लाकडाची गिटार नव्यापेक्षा गोड वाजते, हे जगजाहीर आहे. मग जुन्या कवळीचं काय? वर्षानुवर्षं तिच्यात चहा मुरला होता, व्याकरण मुरलं होतं, तीन पिढ्यांना घातलेल्या शिव्या मुरल्या होत्या. असं मटेरियल विकत कुठून मिळणार!

पण टवका चिमटीत टिकेना. जरा मोठा हवा होता.

वरची कवळी टाळूला चिकटून राहते ती हवेच्या पकडीमुळे, आणि मागची कड कापली की ती पकड सुटते. हा प्रश्न दंतोपंतांना कॉलेजच्या परीक्षेत आला होता आणि त्यांचं उत्तर बरोबर होतं. ते आठवत आठवत त्यांनी मागच्या कडेचा बदामाएवढा तुकडा कापला. कापून, घासून, चकाकी आणून तार छेडली, आणि त्यांच्या अंगावर काटा आला.

“अहो, झालं का? बाबा तयार होऊन बसलेत,” वरून हाक आली.

दुसरा काटा आला तो मात्र संगीताचा नव्हता.

खाच नव्या मटेरियलने भरता आली असती. पण नवा गुलाबी आणि जुना गुलाबी यांत सासऱ्यांना दिसणार नाही असा फरक जगात नव्हता. आणि भरलेलं पक्कं व्हायला वेळ लागणार होता. कापलेला तुकडाच परत चिकटवायचा मार्ग होता. दंतोपंतांनी तुकड्याकडे पाहिलं, गिटारकडे पाहिलं, त्यांना कीबोर्डवरचं बटण आठवलं, आणि त्यांनी तुकडा खिशात टाकला. कवळीवर चिकटवायची पावडर सढळ हाताने भुरभुरली आणि वर जाऊन स्वतः सासऱ्यांच्या तोंडात बसवली.

“आता टोचत नाही,” सासरे म्हणाले. “पण जरा हवेशीर वाटतंय.”

“नवीन पद्धत आहे बाबा. फक्त गाडीत बोलू नका. पावडर धरेपर्यंत.”

“आणि धरल्यावर किती वेळ टिकेल?”

“भाषण किती वेळाचं आहे?”

“ते विषयावर आहे,” सासरे म्हणाले. विषय ‘शिस्त’ होता.

हॉल गच्च भरला होता. सासरे बोलायला उभे राहिले आणि समोरच्या निम्म्या डॉक्टरांनी जुन्या सवयीने हाताची घडी घातली. दंतोपंत पडद्याआड गिटार घेऊन उभे होते. शेजारी हाडवाले ड्रमच्या काठ्या फिरवत होते.

“तुझे सासरे आज भरात आहेत,” हाडवाले कुजबुजले. “मधला तुकडा झाला का पक्का?”

“आज बघच तू.”

“तसं म्हणू नकोस. घाबरायला होतं.”

“शिस्तीचे मुख्य प्रकार सात,” स्टेजवर सासरे सांगत होते. “त्यांतला पहिला प्रकार—” आणि माइकमधून टक्क असा आवाज आला. सासरे थबकले. जिभेने काहीतरी वर ढकललं. “पहिला प्रकार म्हणजे स्वतःवरचा—” टक्क. पुढच्या रांगेतल्या कुणीतरी माइकची वायर हलवली. सासऱ्यांनी निर्धाराने तोंड मोठं उघडलं, आणि शिस्तीचा पहिला प्रकार बाहेर पडायच्या आत वरचे सगळे दात एका ओळीत बाहेर आले.

पण हेडमास्तर ते हेडमास्तर. उडत आलेला खडू झेलावा तशी त्यांनी कवळी हवेतच झेलली, रुमालात गुंडाळली, सभेकडे एक करडी नजर टाकली आणि काही न बोलता खाली जाऊन बसले. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की प्रमुख पाहुण्यांचं भाषण संपलंय, आणि टाळ्यांचा असा पाऊस पडला की तसा सासऱ्यांच्या आयुष्यात कधी पडला नव्हता. “याला म्हणतात शिस्त! जे बोलले ते करून दाखवलं!” मागून एक कानाचे डॉक्टर ओरडले.

कार्यक्रम एकदम तासभर अलीकडे आला. संयोजक धावत बाहेर गेले आणि जेवणवाल्याला फोन करून म्हणाले, “निघा, आत्ताच्या आत्ता निघा, सर संपले.” जेवणवाला घाबरला, मग समजूत पटल्यावर निघाला.

बँड सुरू झाला. दंतोपंत मागे मागे झँग झँग करत राहिले, खिशातलं अस्सल पिक त्यांनी मधल्या तुकड्यासाठी राखून ठेवलं होतं. समोर पहिल्या रांगेत सासऱ्यांनी रुमाल उघडला होता. चष्मा कपाळावर चढवून ते कवळी उलटीसुलटी करत होते. मागच्या कडेला त्यांचं बोट थांबलं. तिथली खाच अगदी सरळ होती, झिजल्यासारखी नव्हती, तुटल्यासारखी नव्हती. शेजारी बसलेल्या लेकीला त्यांनी ती दाखवली. लेकीने ती ओळखायला काही वेळ घेतला नाही. तिचा एक कंगवा याच वळणाने गेला होता.

तेवढ्यात हाडवाल्यांनी काठ्या वर उचलल्या. सगळे थांबले. प्रकाशझोत दंतोपंतांवर आला. त्यांनी खिशातून तुकडा काढला, आणि त्या झोतात तो असा काही गुलाबी चमकला की शेवटच्या रांगेपर्यंत दिसावा. पहिल्या रांगेत तर तो फारच स्वच्छ दिसला. आयुष्यभर बाहीत लपवलेल्या चिठ्ठ्या पकडणारी नजर कवळीवरून जावयाच्या चिमटीवर गेली आणि तिथेच खिळली.

दंतोपंतांनी डोळे मिटले आणि पहिला सूर छेडला.

“लक्ष द्या, लक्ष द्या,” हॉलभरच्या कर्ण्यांतून आवाज घुमला. “फाटकासमोर एक पांढरी गाडी उभी आहे. तिच्यामुळे जेवणाची गाडी आत येऊ शकत नाही. गाडीचा नंबर...”

दंतोपंतांनी नंबर ऐकला. तो ओळखीचा होता. येताना उशीर झाला होता, सासऱ्यांना पावडर धरेपर्यंत बोलायचं नव्हतं, त्यामुळे “इथे लावू नका” असं बजावणारं गाडीत कुणी नव्हतं, आणि फाटकासमोरची जागा मोकळी होती. पण आता थांबायचं म्हणजे अर्धा मिनिट गेलं. त्यांनी डोळे आणखी घट्ट मिटले आणि वाजवत राहिले. निवेदकाने नंबर पुन्हा वाचला. मग रंग पुन्हा सांगितला. मग मालकाने माणुसकी दाखवावी असं आवाहन केलं. मग गाडीत ठेवलेलं जेवण गार होतंय, याची आठवण करून दिली. त्याच्या खाली कुठेतरी, चहा आणि व्याकरण मुरलेलं मटेरियल आपल्या आयुष्यातला सर्वोत्तम आवाज काढत होतं.

शेवटचा सूर वाजला, आणि हॉल टाळ्यांनी दणाणून गेला. लोक उभे राहिले. काही जणांनी शिट्या मारल्या. दंतोपंतांनी डोळे उघडले, हात छातीशी नेला आणि कमरेत वाकून अभिवादन केलं. टाळ्या थांबेनात, म्हणून पुन्हा केलं. पहिल्या रांगेत एकटे सासरे टाळ्या वाजवत नव्हते. त्यांनी हाताचा तळवा पुढे करून ठेवला होता, वर्गात चोरीची वस्तू परत मागताना करतात तसा. त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती.

दंतोपंतांची बायको बाहेर जाऊन गाडी बाजूला घेऊन आली होती, आणि जेवण आत आलं होतं.