आतून रंगवलेली गाडी

आमचे शेजारी आहेर अण्णा छताच्या पंख्याखाली कधी बसले नाहीत. कुणाच्याही घरी गेले की आधी वर पाहायचे, पंख्याचा घेर डोळ्यांनी मोजायचे आणि मग भिंतीला पाठ लावून बसायचे. माझ्या लग्नात सगळं वऱ्हाड पंख्याखालच्या खुर्च्यांसाठी भांडत असताना हा गृहस्थ दारात, चपलांच्या ढिगाजवळ उभा राहून अक्षता टाकत होता. विचारलं तर म्हणाले, "समजा, पडला तर?"

हे 'समजा' अण्णांच्या तोंडी कायमचं. समजा गॅस गळाला तर. समजा गोदेला पूर आला तर. आम्ही राहायचो सातपूरला, नदीपासून चांगले लांब, तरी अण्णांची महत्त्वाची कागदपत्रं माळ्यावर. कॉलनीत त्यांना मागून सगळे 'समजा आहेर' म्हणत. नोकरी सरकारी कचेरीत, गाव सटाण्याकडचं. एरवी बोलणं अगदी शहरी, पण भीती हाताबाहेर गेली की गावाकडची अहिराणी बाहेर पडायची. "आते कसं व्हई, भाऊ?" असं ऐकू आलं की समजायचं, अण्णांच्या पाचावर धारण बसली आहे.

अशा माणसाची एकुलती एक मुलगी, शोभा, नर्स होऊन मस्कतला गेली. बायको लवकर वारल्यावर अण्णांनीच तिला वाढवलं. तिला सायकल शिकू दिली नाही, जत्रेतल्या पाळण्यात बसू दिलं नाही, आणि ती एकदम विमानातच बसली. तिला सोडायला अण्णा मुंबईपर्यंत गेले नाहीत. नाशिकच्या एस.टी. स्टँडवरूनच घरी परतले.

पुढच्या उन्हाळ्यात शोभाने ओळखीच्या माणसाबरोबर एक खोकं पाठवलं. त्यात लांबून रेडिओलहरींवर चालवायची खेळण्यातली मोटार होती. त्या काळात, म्हणजे ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत, अशी गाडी आमच्या कॉलनीत कुणी पाहिली नव्हती. सोबत निरोप होता, 'अण्णा, ही चालवायला गाडीत बसावं लागत नाही. दिवाळीला येईन तेव्हा मला पळवून दाखवा.'

खालची गाडी तयार होती. वरचं कवच मात्र काचेसारखं आरपार दिसणारं. ते आपणच कापायचं, रंगवायचं आणि बसवायचं. मी मदतीला गेलो, लाल रंगाची बाटली उघडली, ब्रश बुडवला, तेवढ्यात अण्णांनी माझं मनगट धरलं.

"भाऊ, बाहेरून नाही. आतून."

त्यांनी सोबतच्या कागदावरची चित्रं दाखवली. कवच उलटं धरून आतल्या बाजूने रंग द्यायचा. बारीक काळे पट्टे आधी, मोठा लाल रंग नंतर. जे आधी लावलं तेच बाहेरून दिसणार. चुकलं तर वरून दुसरा हात मारून झाकायची सोय नाही.

"आणि हे एकच आहे," अण्णा म्हणाले. त्यांना घाम फुटला होता. "समजा, बिघडलं तर ती आल्यावर दाखवू काय?"

मग त्यांच्या शंकांना ऊत आला. कडेचं जास्तीचं प्लास्टिक कापलं, त्याचे तुकडे टाकून दिले नाहीत. समजा, रंगाने तडकलं तर? म्हणून प्रत्येक तुकड्याला थोडा रंग लावला. एक उन्हात ठेवला, एक फडताळात आणि एक उशीखाली. उशीखाली का, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

पुढचं संकट भोकांचं. गाडीवर चार खुंट्या होत्या. त्या कवचाच्या भोकांतून वर काढून क्लिपा लावायच्या. भोक जरा सरकलं की कवच तिरकं बसणार. अण्णांनी खिशातून काजळाची डबी काढली, खुंट्यांच्या टोकांना काजळ लावलं आणि कवच अलगद टेकवलं. बरोबर जागी चार ठिपके उमटले. या घरात काजळाची डबी कशाला, असं मला वाटलं खरं. पण जिथे संकटकाळासाठी म्हणून तीन बॅटऱ्या आणि दोन शिट्ट्या होत्या तिथे काय काय विचारणार? दाभण तापवून मी भोकं पाडली, अण्णा डोळे मिटून, "आते कसं व्हई," पुटपुटत उभे राहिले.

रंगवताना मात्र त्यांनी मला बाहेर काढलं. समजा, मी शिंकलो तर?

दिवाळीच्या तोंडावर त्यांनी मला हाक मारली. खिडक्यांवर रंग जाऊ नये म्हणून लावलेल्या चिकटपट्ट्या निघाल्या होत्या, क्लिपा बसल्या होत्या आणि लालभडक गाडी टेबलावर उभी होती. मी खरोखर थक्क झालो. एकच खोट होती. चालकाच्या खिडकीवर एक काळा ठिपका राहिला होता. काजळ असेल म्हणून मी बोट ओलं करून चोळलं. जाईना. नखाने खरवडलं.

"आतून आहे तो," अण्णा म्हणाले.

"पट्टी नीट बसली नसेल, अण्णा. एवढं चालतं."

"पट्टीला भोक मीच पाडलं. सगळ्यात आधी तो ठिपकाच दिला."

"म्हणजे तीट? गाडीला?"

अण्णांनी खिशातली काजळाची डबी चाचपली. मग म्हणाले, "गाडीले नही, भाऊ. मन्ही पोरले."

लहानपणी तीट लावल्याशिवाय त्यांनी शोभाला कधी उंबऱ्याबाहेर सोडलं नव्हतं. त्या दिवशी स्टँडवरही डबी खिशात होती. पण पोरगी नव्या साडीत, भोवती तिच्या मैत्रिणी. समजा, हसली तर? तेवढ्यात एस.टी. सुटली. तेव्हापासून डबी खिशातच होती. मस्कतला तिला साधी सर्दी झाली तरी ती आपल्यामुळेच, असं त्यांना वाटायचं.

शोभा आली. कॉलनीच्या मैदानात अण्णांनी जीव मुठीत धरून गाडी सोडली. ती पहिल्याच वळणावर नळाच्या कठड्यावर आदळली आणि उलटली. अण्णा मटकन खाली बसले. शोभाने धावत जाऊन गाडी उचलली. कवच चेपलं होतं ते आपोआप फुगून वर आलं, लाल रंगाला काहीही झालं नव्हतं. पदराने धूळ पुसताना तिचं बोट त्या ठिपक्यावर थांबलं. तिने चोळून पाहिलं, गाडी उलटी करून आत पाहिलं आणि मग बापाकडे पाहिलं.

ती त्यांच्यासमोर मातीतच बसली.

"अण्णा, डबी कुठंय?"

"अगं, समजा, लोक हसले तर?"

"हसू देत."

अण्णांनी खिशातून डबी काढून बोट काजळात बुडवलं. तीट गालावर फरफटली, वाकडीतिकडी झाली. शोभाने ती पुसली नाही.

तशीच ती आमच्याकडे फराळाला आली. मागोमाग अण्णा आले आणि खोलीच्या मधोमध, पंख्याच्या बरोबर खाली बसले. त्यांचं लक्ष तिच्या गालाकडे होतं. वर पाहायचं त्या दिवशी ते विसरले.