त्रिकोणी दुपटं

नातीच्या दुपट्याला सरांनी कात्री लावली, तेव्हा घरात कुणालाच संकटाची चाहूल लागली नाही. उभा जन्म शाळेत गणित शिकवण्यात गेलेला हा माणूस घरकामात मात्र पार अडाणी. त्यांनी खिळा ठोकला की मागून भिंत दुरुस्त करावी लागे, आणि लेक हे लहानपणापासून बघत आली होती. ती संध्याकाळी तान्ह्या बाळाला घेऊन पहिल्यांदाच येणार म्हटल्यावर सरांनी हट्टच धरला, दुपटं मीच करणार. "हे बाबांनी केलंय?" असं लेकीने एकदा तरी डोळे मोठे करून विचारावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

आता चौकोनी दुपटं काय, कुणीही शिवेल. सरांनी मऊ पिवळ्या कापडाचा मोठा थोरला त्रिकोण कापला. नियम सोपा. मधोमध एक उलटा त्रिकोण कापून काढायचा. भोवती तीन लहान त्रिकोण उरतात, त्या प्रत्येकाच्या पोटातून पुन्हा तसाच काढायचा, मग उरलेल्यांच्याही. ही नक्षी फळ्यावर काढून त्यांनी पोरांच्या किती पिढ्यांना आ करायला लावलं होतं. फळ्याचे धागे सुटत नाहीत, एवढं मात्र त्यांच्या लक्षात आलं नाही.

कापडाचे सुटले. सर दुकानातून लेस घेऊन आले आणि भोकांच्या कडेने हाताने टाचू लागले. पुढच्या फेरीत भोकं वाढली, कडा वाढल्या, लेस संपली. सर पुन्हा दुकानात. असं दोनतीनदा झाल्यावर दुकानदारीणबाईंनी विचारलं, नाटकाचे पडदे शिवताय का? सरांनी ऐटीत सांगितलं, तान्ह्या बाळाचं दुपटं. बाई बाळाच्या आकारमानाबद्दल जरा काळजीत पडल्या.

घरी सरांची बायको त्यांच्या पायाशी पडलेले तुकडे जुन्या अभ्र्यात भरत होती. घरभर कचरा नको, म्हणाली.

"अहो, लेस वाढतेय आणि कापड कमी होतंय."

"तीच तर गंमत आहे," सर खुलले. "असंच करत गेलं ना, तर कडेला अंत नाही. आणि कापड शेवटी शून्य."

"मग बाळाला कशात गुंडाळायचं? शून्यात?"

प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा होता. सरांनी सुईत दोरा ओवायला घेतला. बायको अभ्रा उचलून आत गेली आणि थोड्या वेळाने शिवणयंत्राची खडखड ऐकू आली. काहीतरी उसवलं असेल, असं सरांना वाटलं.

उसवत तर इकडे होतं. त्रिकोण एकमेकांना नुसते टोकाला टेकलेले. एक टोक शिवावं तर शेजारचं निसटे. दारावरची घंटा वाजली तेव्हा सरांनी घाईघाईने दुपटं उचलून बघितलं. दुपटं कसलं, जाळं. बाळ सोडा, त्यातून शेजारचं मांजर आरपार गेलं असतं. सरांना खरोखरच रडू आलं. त्यांनी ते खुर्चीच्या उशीमागे कोंबलं आणि दार उघडलं.

बाळ गारठ्याने रडत होतं. "आई, काहीतरी पांघरायला दे गं आधी," लेक आत येता येताच म्हणाली.

बायको आतून एक दुपटं घेऊन आली. मऊ, पिवळं. मधोमध एक मोठा त्रिकोण, भोवती मध्यम आकाराचे, आणि कडेकडेने अगदी बारीक. सरांनी सगळे ओळखले. सकाळपासून काढलेलं त्यांचं एकेक भोक तिथे हजर होतं.

बाळ त्यात शिरलं आणि गप्प झालं.

"किती सुंदर आहे! कुणी केलं?"

"तुझ्या बाबांनी. दिवसभर कापत बसलेत बिचारे. मी नुसतं जोडलं."

लेकीचे डोळे खरंच मोठे झाले. "हे बाबांनी केलंय?"

सर दुपट्याची शिवण बोटाने चाचपून बघू लागले. तेवढ्यात लेक खुर्चीत टेकली आणि उशीमागून लोंबणारी लेस तिच्या हाताला लागली. ती ओढू लागली, तर लेस येतच राहिली.

"आणि हे काय, बाबा?"

"ते होय?" सर म्हणाले. "ते कापून उरलेलं."