पेट्रोल पंपावरची पूजा

शालिकराम गजभियेंनी सौसरला घरासमोर मोटारसायकल थांबवली आणि मागं न बघताच म्हणाले, "उतर पूजा. अन् काकूले सांग, सायबानं माह्याशी हात मिळवला."

कुसुमबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं, मग रिकाम्या सीटकडं. "कोनाशी बोलून राहिले तुमी?"

शालिकरामांनी वळून पाहिलं.

नऊ वर्षांची पूजा चार महिन्यांपूर्वी त्यांच्याकडं आली होती. आईबाप गेलेले, मामाकडून आत्याकडं, आत्याकडून बालगृहात, असं तिचं चाललं होतं. गजभियेंना मूलबाळ नव्हतं. त्यांनी फॉस्टर केअरचा, म्हणजे परकं मूल दत्तक न घेता घरी वाढवायचा, अर्ज भरला आणि सरकारी समितीनं पोरगी सांभाळायला दिली, दर महिन्याची तपासणी ठेवून. आज पांढुर्ण्याला समितीच्या कार्यालयात, असंच मूल सांभाळायला घेऊ पाहणाऱ्या जोडप्यांना अनुभव सांगायला शालिकरामांना बोलावलं होतं. ते वीस मिनिटं बोलले. "लेकरावरून नजर हटली नाई पाहिजे," हे वाक्य त्यांनी तीनदा म्हटलं आणि तिन्ही वेळा टाळ्या पडल्या.

तिथल्या साहेबांशी हात मिळवून, त्या टाळ्या कानात घेऊनच ते पूजाला मागं बसवून परत निघाले होते. वाटेत पंपावर पेट्रोल भरताना पूजा खाली उतरली. टाकी भरली, शालिकराम निघाले आणि पुढचे बारा किलोमीटर मागच्या हवेला तेच भाषण पुन्हा ऐकवत आले.

"पंपावर उतरली होती," ते म्हणाले.

"मंग?"

"मंग मी आलो."

कुसुमबाईंनी नुसतं रस्त्याकडं बोट दाखवलं. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शालिकरामांनी गाडी वळवली, तेवढ्यात फोन वाजला. सुचिता मॅडम. दर महिन्याला तपासणीला येणाऱ्या त्याच.

"पोचले का गजभियेजी घरी?"

"पोचलो ना मॅडम."

"आणि पूजा?"

"पूजा... जेवून राहिली."

"काय जेवून राहिली?"

"वांग्याची भाजी."

"तिला तर वांगं आवडत नाही."

"आता आवडून राहिलं."

मॅडम म्हणाल्या, "गजभियेजी, ती माझ्या बाजूला बसून बिस्कीट खाऊन राहिली. मी सौसरलाच येत होते, पेट्रोल भरायला थांबले तर ही इथं एकटी बसलेली. पंपावर या."

"काय सांगतलं तुमी?" कुसुमबाईंनी विचारलं.

"वांगं."

"घरात वांगं तरी हाय काय?"

पूजा पंपावर प्लास्टिकच्या खुर्चीत पाय हलवत बसली होती. मॅडम शेजारी उभ्या होत्या. पंपावरची माणसं काम सोडून बघत होती.

"विसरलात, ते मी समजू शकते," मॅडम म्हणाल्या. "माणूस विसरतो. पण खोटं काहून बोललात?"

"तुमी पोरगी घेऊन जासान म्हून." शालिकरामांचा आवाज फुटेना. मघाशी हॉलच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचलेला हाच आवाज होता.

"हे मी रिपोर्टमध्ये लिहिणार. पोरीला नेत नाही. पण पुढच्या महिन्यात न सांगता येईन, तेही दोनदा."

त्यांनी मान हलवली. मग पूजासमोर उकिडवे बसले. "मी निघालो तं आवाज काहून नाई देल्ला व माय?"

"मले वाटलं, सोडून देल्लं," पूजा म्हणाली. आज शाळेला सुट्टी आहे, असं सांगावं तितक्या सहज. "मामानंबी असंच बसस्टँडवर बसवलं होतं. येतो म्हने."

शालिकरामांना त्या पोरीच्या डोळ्यांत बघवेना. ते जमिनीवर सांडलेल्या तेलाच्या डागाकडं बघत राहिले. तिकडं बघतच म्हणाले, "माही चूक झाली. लय मोठी." पूजानं उरलेलं बिस्कीट खिशात टाकलं आणि गाडीवर जाऊन बसली.

परतीच्या वाटेत ते दर दोन मिनिटांनी विचारत होते, "हायेस ना?"

"हाव."

"हायेस ना?"

"हाव काका."

सौसर जवळ आलं तेव्हा त्यांनी पुन्हा विचारलं. उत्तर आलं नाही. शालिकरामांनी भर रस्त्यात ब्रेक दाबला आणि मान मोडेल इतक्या झटक्यानं वळून पाहिलं.

पूजा जागेवरच होती. दोन्ही मुठींत त्यांचा सदरा घट्ट धरून, ओठ मिटून.

"बोलत काहून नाई?"

"पाहून राहिली होती," ती म्हणाली, "थांबता का नाई."

मागून येणारा ट्रक करकचून थांबला. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढून शालिकरामांच्या अकलेबद्दल बरंच काही सुनावलं. शालिकरामांनी ते सगळं मान खाली घालून ऐकलं. मागं पूजा खुदकन हसली, पण तिनं मुठी सोडल्या नाहीत.