परळ कचेरीतील मराठी टाइपरायटरच्या दौडीची हकीकत

श्रीगजाननास नमन करोन, भिंतीस कान असतात हे ध्यानी धरोन, जे डोळ्यांनी पाहिले तेच लिहितो. पदरचे घालितो ते थोडकेच. शके १८८२, शार्वरीनाम संवत्सरी, वैशाखमासी संयुक्त महाराष्ट्र जाहला, मुंबई मराठी राज्यात दाखल जाहली, आणि परळास शिवणयंत्रे विकणारी एक कचेरी होती (मालक हयात, सबब नाव लिहीत नाही), तेथील कारकुनांनी पेढे वाटिले. पाच वर्षे मोर्चे काढोन, घसे फोडोन मराठीचे राज्य आम्हीच आणिले, ऐसा त्यांचा दावा. मग आठवे दिवशी मालकांचे फर्मान सुटले की येथून पुढे जिल्ह्याजिल्ह्याच्या दुकानदारांस पत्रे मराठीत जातील. सबब समस्तांनी तीन मासांत मराठी टाइपरायटर शिकोन परीक्षा द्यावी. अहो, काय सांगावे! पेढा घशातच अडकला. मराठी जिभेवर मुबलक होती, बोटांत एक अक्षर नव्हते.

कायम नोकरांस भय ते काय? फार तर बढती चुकती. परंतु लालबागेची दुर्गा नामे मुलगी हंगामी टायपिस्ट होती. ती पास जाहली तर कायम, नापास जाहली तर तडक घरी. तिचा बाप राजाराम हा गिरणीत छाती खराब होऊन अंथरुणास खिळलेला, आणि घरची चूल या पोरीच्या दहा बोटांवर पेटत होती.

मोहिमेची सरदारकी राजमान्य राजेश्री मनमोहनराव धैर्यवान, हेडक्लार्क, वस्ती ठाकुरद्वार, यांजकडे आली. रावसाहेबांनी कोण्या विलायती धावपटूचे पुस्तक वाचिले होते आणि लांब पल्ल्याची दौड व कचेरीचे शिक्षण एकच, ऐसा सिद्धान्त मनी धरिला होता. खासा स्वारी मात्र दुसऱ्या मजल्यावर चढताना जिन्याच्या वळणावर मुक्काम करी. त्यांचा हुकूम सुटला की शिट्टी होताच कळा बडवाव्या, दर अर्ध्या तासाने लिंबाची फोड चोखावी, आणि सायंकाळी ज्याचा त्याचा वेग फळ्यावर लिहावा. मग लिंबाचा रस यंत्रांत उतरला आणि कळा चिकटल्या. बंडोपंत कारकून, मोर्च्यातले बिनीचे वीर, यांनी पहिलेच दिवशी ऐसी घोडदौड मारिली की अक्षरांचे दांडे एकमेकांवर चढोन कोंडी जाहली. बंडोपंत गरजले की यंत्रच मराठीद्वेष्टे आहे. नाचता येईना, अंगण वाकडे!

दुर्गा रोज फळ्यावर तळाशी. एके दिवशी ती पाण्याच्या माठापाशी डोळे पुसत असता दत्ताराम शिपायाने पाहिले. हा गडी नित्य पहाटे लालबागेहून प्रभादेवीपर्यंत धावोन माघारा येई आणि शर्यतींत जिंकिलेल्या व्यायामशाळेच्या ढाली त्याच्या खोलीत टांगल्या होत्या. सगळ्या कचेरीत धावणारा तो एकटा; परंतु शिपायास मसलत पुसणे हा कचेरीचा दस्तूर नव्हे.

"काका, माझी नोकरी जाणार हो," दुर्गा बोलिली.

"पयल्याच मैलाक छाती फोडून घेतलंस तर फुडचे मैल कोण धावतलो, तुझो बापूस?" दत्ताराम खेकसला. "बोलत बोलत धावूक येता, तितक्याच धाव. दुखला की थांब. उद्या वायच जास्ती."

मग दुर्गेने अक्षर ओठांत पुटपुटता येईल तितक्याच वेगे कळ दाबावी, आरंभी पाव पान, पुढे अर्धे, आणि बोटे दुखली तर त्या दिवशी यंत्रास हात लावू नये, ऐसा क्रम धरिला. रावसाहेबांनी लेखी ताकीद दिली की ही दौड आहे, वरात नव्हे. कारकून फिदीफिदी हसले. पोरीने ताकीद घडी करोन खणात ठेविली आणि पुढले अक्षर दाबिले. केवढी छाती म्हणावी!

श्रावणात घोडामैदान आले. एक तास अखंड टाइप करणे, चुका वजा. शिट्टी जाहली आणि समस्त फौज तुटोन पडली, ऐसा कडकडाट की रस्त्यावरचे लोक वर पाहू लागले. विसावे मिनिटी बंडोपंतांची करंगळी गारद जाहली. मग कोणाची कोंडी, कोणाचा कागद तिरका, कोणी चुकांच्या चिखलात रुतला. शेजारचा कडकडाट ऐकोन दुर्गेचा जीव उडाला, आपणही सुटावे ऐसे वाटले, बापाचा खोकला कानी घुमला. परंतु बोटे तिने उधळू दिली नाहीत. तास भरला तेव्हां उत्तीर्ण म्हणोन एकच नाव निघाले, ते दुर्गेचे.

रावसाहेबांनी मालकांस अहवाल सादर केला की आमच्या दौड-पद्धतीस यश आले. मालक खूष जाहले, रावसाहेबांस बढती दिली आणि सत्कार ठरविला. हार आणावयास दादरास दत्तारामास धाडिले. तो धावतच गेला.

मग दुर्गेस कायम करण्याचा हुकूम निघावयाचा, आणि नव्या फर्मानाप्रमाणे तो मराठीत पाहिजे. रावसाहेबांनी उजवीकडे पाहिले, बंडोपंत जोडे पाहू लागले. डावीकडे पाहिले, कोणी खिडकीबाहेर, कोणी छताकडे. अखेर कागद दुर्गेपुढेच आला. तिने तो यंत्रात चढविला आणि आपल्या कायम नोकरीचा हुकूम आपल्याच बोटांनी, घाई न करिता, एकही चूक न करिता टाइप केला. शेवटच्या ओळीस डोळे भरोन आले, तरी ओळ सरळ उतरली. येणेप्रमाणे परळ कचेरीत मराठीची फत्ते जाहली, ती दफ्तरी नमूद आहे. खाली रावसाहेबांनी झोकदार सही केली, इंग्रजीत.