सतीशकाकांनी नीट केलेला कॉम्प्युटर

"काय दाबलंस?" महेंद्रने मोरीतूनच ओरडून विचारलं. तोंडात ब्रश होता, पण प्रश्न पाठ असल्यामुळे अडखळला नाही.

"काय नाय दाबलं पप्पा. दुसरं पान चाललेलं, आपोआप हँग झाला."

"आपोआप काय होत नाय. तू कायतरी दाबलं असणार."

मेघाने दोन्ही हात मांडीवर घेतले आणि पडद्याकडे बघत राहिली. बाण अक्षरांच्या मधोमध ठाण मांडून बसला होता. चालू केल्यापासून वीस मिनिटांनी तो असा बसायचा, की बटण दाबून बंद केल्याशिवाय हलायचं नाव नाही.

सापगावच्या त्या घरात कॉम्प्युटर येऊन पाच आठवडे झाले होते. तो बिघडला की चूक कोणाची, हे मात्र पहिल्याच दिवशी ठरलं होतं. मशिनची चूक धरायची सोयच नव्हती, कारण मशीन महेंद्रने स्वतः जोडलं होतं. भातसानगरला धरणावर पंपाच्या मोटारी खोलून बसवणारा माणूस तो. मुंबईहून सुटे भाग आणले, सतरंजीवर पसरले आणि एका रविवारात डबा उभा केला. बुद्धवंदना झाली, मेणबत्ती लावली, बटण दाबलं. पेढे अर्ध्या आळीत पोचले नव्हते तोवर कॉम्प्युटर गार. त्या वेळी खुर्चीत मेघा बसली होती. झालं, शिक्का बसला तो बसलाच.

मेघाला तो कॉम्प्युटर हौसेला नको होता. मुरबाडच्या एका पतपेढीत टायपिंगची एक जागा होती. परीक्षा पंधरा दिवसांवर. तासाभरात चार पानं. आईने, संघरत्नाने, तिला भाकऱ्या थापता थापता सांगून टाकलं होतं, "बी.ए. झालीस, स्थळं यायला लागली. ही नोकरी लागली तर दोन वर्षं कोण काय बोलणार नाय. नाय लागली तर मी तरी कुठवर अडवू गो?"

आता वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांत माणूस चार पानं कसा शिकणार? पण ते कोणाला पडलं होतं!

दुरुस्तीसाठी सतीशकाका आले. महेंद्रचा धाकटा भाऊ. रोज आसनगावहून मुंबईला जायचा, कुरियरच्या ऑफिसात होता. तिथे त्याचं टेबल कॉम्प्युटरच्या टेबलाला लागून होतं. एवढ्या शेजारामुळे तो घरातला तज्ज्ञ ठरला होता.

"वायरस है," काका बसायच्या आधीच म्हणाले. "फॉरमॅट मारायला लागेल."

"माझी टाइप केलेली पानं आहेत त्यात," मेघा म्हणाली.

"पानं काय, परत टाइप कर. प्रॅक्टिस होईल."

पानं गेली. वीस मिनिटांनी कॉम्प्युटरही गेला. मग व्होल्टेज कमी आहे म्हणून शेजारच्या काळूच्या फ्रिजचा स्टॅबिलायझर मागून आणला, तर काळूच्या घरचं दूध नासलं आणि त्याची बायको दारात येऊन दोन्ही भावांचा उद्धार करून गेली. मग रॅमची पट्टी काढून खोडरबराने घासली. मग पुन्हा फॉरमॅट, पुन्हा पानं गेली. दर वेळी काका कपाळाला हात लावून म्हणायचे, "मेघा, खरं सांग, काय दाबलंस?"

"काका, प्रोसेसरबरोबर पुस्तिका आलेली," मेघा तिसऱ्यांदा म्हणाली. "त्यात चित्र आहे. पंख्याखालच्या ठोकळ्याला..."

"पुस्तक वाचून कॉम्प्युटर बनला असता तर मी ऑफिसात टाइम कशाला घालवला असता? चहा टाक जा."

तिने चहा टाकला. साखर घातली नाही. तेवढाच तिचा जोर.

शेवटी काकांनी निदान केलं, की रॅमच बदलायला हवी. दोघे भाऊ शनिवारी सकाळीच कल्याणला निघाले. गाडी कोपऱ्यावरून वळली न वळली तोच मेघाने स्क्रू काढले. पुस्तिका मांडीवर उघडी ठेवून पंखा सोडवला, खालचा, प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा ॲल्युमिनियमचा ठोकळा उलटा केला, आणि बघतच राहिली. ठोकळ्याच्या बुडाला पारदर्शक प्लास्टिक तसंच होतं! चित्रातला हात ते सोलून काढत होता.

तिला सगळा उलगडा झाला. ह्या घरात नव्या वस्तूचं प्लास्टिक काढत नसत. टीव्हीचा रिमोट प्लास्टिकमध्ये, छताच्या पंख्याच्या दांड्याला प्लास्टिक, मोटारसायकलच्या सीटचं प्लास्टिक चार पावसाळ्यांनी फाटलं तरी दोऱ्याने बांधलेलं. प्लास्टिक गेलं की वस्तू जुनी झाली, असा महेंद्रचा ठाम हिशेब. प्रोसेसर बिचारा प्लास्टिकआड तापून तापून झोपत होता. मेघाने ते सोललं, सगळं जागेवर बसवलं आणि टायपिंगला बसली. वीस मिनिटं झाली. तास झाला. तीन तास झाले! पोरीने एकटीनेच टाळ्या वाजवल्या.

दुपारी दोघे भाऊ नवी रॅम घेऊन आले. मेघा सांगायला गेली, तर काका म्हणाले, "थांब गो, आधी काम होऊ दे." रॅम बसली. कॉम्प्युटर चालू झाला आणि चालतच राहिला. काळूसुद्धा बघायला आला.

"सतीश, मानलं तुला!" महेंद्रने भावाच्या पाठीवर थाप मारली.

"पप्पा, तो सकाळपासूनच चालतोय. मी हे काढलं," मेघाने प्लास्टिक पुढे धरलं.

महेंद्रने ते हातात घेऊन उजेडात बघितलं. त्याचा चेहरा उतरला. "नव्या वस्तूचं प्लास्टिक काढलंस? कोणाला विचारून?"

"जाऊ दे दादा," काका मोठ्या मनाने म्हणाले. "लहान आहे."

संघरत्ना दारातून म्हणाली, "अहो, पोरगी काय सांगते ते ऐका तरी." कोणी ऐकलं नाही. काळू तोवर सतीशला पुढचं सुचवत होता. एवढी कला हातात असताना लोकांची पाकिटं कशाला वाटायची, आसनगावला क्लास टाक! महेंद्रच्या डोळ्यांत भावाचं भविष्य चमकलं. रविवारी क्लासचा पहिला कॉम्प्युटर म्हणून तो डबा रिक्षात बसून गेला.

परीक्षेत मेघाची अडीच पानं झाली. जागा दुसऱ्या कोणाला लागली. पुढच्याच आठवड्यात पडघ्याचे पाहुणे येऊन तिला बघून गेले. त्यांनी पोरीला कॉम्प्युटर येतो का, असं विचारलं होतं. म्हणून महेंद्रने घाईघाईने तिचं नाव भावाच्या क्लासात घातलं.

पहिल्या दिवशी काकांनी तिला तिच्याच कॉम्प्युटरपुढे बसवलं. मागे आठ-नऊ मुलं उभी होती.

"हा माऊस. घाबरायचं नाय, चावत नाय. आणि एक कायम लक्षात ठेवा, डबा कधी खोलायचा नाय. ते जाणकाराचं काम."

मेघाच्या अंगाचा तिळपापड झाला. मुलांनी वाक्य वहीत उतरवून घेतलं. काकांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं.

"तू पण लिहून घे गो."