वांसद्याला निघालेली पाच माणसं

बायकोला दोन दिवस झाडांत न्यायचं, एवढं साधं मी ठरवलं होतं. लग्नाला बारा वर्षं झाली, पण डिंडोलीतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरून स्वातीला हिरवं असं फक्त समोरच्या टाकीचं झाकण दिसतं. म्हणून वांसद्याचं नॅशनल पार्क निवडलं. (मी साडीच्या गोडाऊनात कारकून. प्लॅनिंग माझ्या रक्तात आहे, असं माझं मत.)

सासूबाई शोभाबाई धरणगावाहून आल्या होत्या.

"तठे वाघ शे का?"

"वाघ नाहीत, आई."

"मंग काय दखाले जावानं?"

"बिबटे आहेत."

"मंग कसाले जावानं?"

तरी आल्या. शेजारचा गणपत आपली ईको व्हॅन घेऊन तयार झाला. तो, मी, स्वाती, सासूबाई आणि आमची लेक धनश्री. पाच.

मी नियम केले. पहाटे साडेपाचला निघायचं, भडक कपडे नकोत, निसर्गात मोबाइल नकोत. सगळ्यांचे फोन माझ्या बॅगेत जमा केले.

निघताना स्वातीला म्हटलं, "गॅस एकदा बघून ये."

"दोनदा बघितलाय."

"मग तिसऱ्यांदा बघ."

ती वर गेली. मी पुढच्या सीटवर नकाशात डोकं घातलं. तेवढ्यात गणपतचा मेहुणा भिकन, डोक्यावरून शाल घेऊन, मागे येऊन बसला. त्याला नवसारीपर्यंत यायचं होतं. (हे मला नंतर कळलं.) मी मागे वळून अंधारात डोकी मोजली. मला धरून बरोबर पाच.

"चल गणपत!"

वाटेत मी बिबट्याच्या सवयी समजावून सांगितल्या. मागून हूं की चूं नाही. बारा वर्षांत पहिल्यांदाच बायको माझं नीट ऐकून घेतेय, असं वाटून मी आणखी वीस मिनिटं बोललो.

नवसारीला चहासाठी थांबलो. पुन्हा मोजलं.

"गणपत, चारच कसे?"

"भिकन उतरला ना आत्ता."

"भिकन आपल्यात कुठे होता?"

गणपतच्या हातातला कप तसाच राहिला. "मग वहिनी?"

सासूबाई जाग्या झाल्या. "जवाई, मनी पोर कोठे शे?"

मी घाईघाईने स्वातीला फोन लावला. तो माझ्याच बॅगेत वाजला. धनश्रीने भोकाड पसरलं.

गणपतने गाडी मागे फिरवली; परतीचा रस्ता तासभराचा होता. स्वाती बिल्डिंगखाली रडत बसली असेल, की सरळ माहेरच्या गाडीत बसली असेल? मी मनात तीन प्रकारची माफी तयार केली. तिन्ही पोकळ वाटत होत्या.

जिने धावत चढलो. दार नुसतं लोटलेलं होतं. स्वाती गॅलरीत, पाय खुर्चीवर घेऊन, चहा पीत बसली होती. चहा गरम होता. घरात टीव्ही बंद, कुकर बंद, आणि कुठूनतरी चक्क एक बुलबुल ओरडत होता.

"स्वाती, चुकलं माझं. रागावलीस?"

तिने आमच्याकडे एकेक करून पाहिलं आणि सुस्कारा सोडला.

"इतक्या लवकर कशाला आलात?"

आता पुढची ट्रिप तिनेच ठरवली आहे. गीरला, दोन नाही, चांगली पाच दिवसांची. रस्ता, डबे, मुक्काम, सगळं तिने पाहिलंय.

"तिथे सिंह मोकळे फिरतात हां," मी म्हणालो.

"फिरू देत," ती म्हणाली, "मला कुठे यायचंय?"